नाण्यावर देवाचे नाव असावे का? हा प्रश्न गावातील सभेत चर्चेला कसा घ्यावा

चलनी नोटेवर किंवा नाण्यावर धर्मवचन असावे की नसावे, हा प्रश्न सभेत नुसता मांडला की पहिल्या पाच मिनिटांत दोन तट पडतात आणि पुढचा तासभर कोणी कोणाचे ऐकून घेत नाही. अमळनेर तालुक्यातील एका लहान वाचनालयात मी हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा हेच झाले. नोटांवर लक्ष्मी आणि गणपती यांची चित्रे छापावीत, अशी मागणी दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये केली होती आणि तिची चर्चा ताजी होती. मी सभेच्या सुरुवातीलाच हात वर करून मते मागितली. चारचौघांत एकदा हात वर केलेल्या माणसाला नंतर मत बदलणे किती जड जाते, हे मला त्या संध्याकाळी कळले. त्यानंतर हा विषय मी आणखी काही गावांत घेतला आणि दर वेळी पद्धत थोडी बदलत गेलो. ज्यांना आपल्या वाचनालयात, महाविद्यालयात किंवा मंडळात अशी चर्चा घडवायची आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे लिहीत आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, मत विचारण्याआधी लोकांना नाणे वाचायला लावावे.

आधी नाणी जमवावीत

सभेच्या आठ दिवस आधी निरोप द्यावा की, येताना प्रत्येकाने घरात असतील ती जुनी आणि नवी नाणी, शक्य तर नोटाही, सोबत आणाव्यात. आपल्याकडे बहुतेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या डब्यात किंवा देव्हाऱ्यात एखादा चांदीचा राणीछाप रुपया जपून ठेवलेला असतो. शेतकऱ्यांच्या घरी तांब्याची शिवराई सापडते. मुले अमेरिकेत असलेल्या एखाद्या कुटुंबाकडून एक डॉलरची नोट मिळते. दोन रुपयांचे २००६ च्या घडणीचे, आडव्या-उभ्या रेषांनी चार भाग पाडलेले नाणे अजूनही कोणाच्या तरी गल्ल्यात निघते. ते मुद्दाम शोधून आणायला सांगावे, कारण पुढे त्याचा मोठा उपयोग आहे. दहा, वीस, पन्नास आणि दोनशे रुपयांच्या चालू नोटा संयोजकाने स्वतःजवळ ठेवाव्यात.

आलेल्या प्रत्येक वस्तूची मालकाच्या नावासह यादी करावी. नाणी चिंचेने, लिंबाने किंवा राखेने घासून आणू नयेत, हेही निरोपातच सांगावे. घासल्याने जुन्या नाण्यावरची अक्षरे झिजतात आणि आपल्याला तर अक्षरेच वाचायची आहेत. नाणे कडेने धरावे, टेबलावर मऊ कापड अंथरावे, दोन-तीन भिंगे ठेवावीत. शेत नांगरताना सापडलेली नाणी कोणी घेऊन आला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक असते, एवढे त्याला शांतपणे समजावून सांगावे.

एक अडचण जवळजवळ प्रत्येक सभेत येते. कोणीतरी एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल असलेला तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा घेऊन येतो आणि इंग्रजांनीसुद्धा रामाचे नाणे पाडले होते, असा पुरावा म्हणून तो पुढे ठेवतो. हे नाणे नाही. कंपनीने रामदरबाराचे चलन कधीही काढले नाही. सर्व इलाख्यांसाठी एकसारखी नाणी पाडण्यास तिने १८३५ मध्ये सुरुवात केली आणि त्यांच्यावर देवतेचे चित्र नाही. देवस्थानांशी जोडलेले रामटंके पूजेसाठी घडवले जात असत, त्यांचे अनुकरण करून कंपनीचे नाव घातलेले हे तुकडे पुढे बाजारात आले. ज्याने तो आणला त्याच्या श्रद्धेचा अवमान होणार नाही, अशा बेताने हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. मी म्हणतो, “नाना, हा तुमच्या पूजेत राहू द्या, तेथे त्याचा मान आहे, फक्त आजच्या चर्चेत पुरावा म्हणून धरता येणार नाही.” खोटा पुरावा सौम्यपणे बाजूला ठेवण्याची ही सवय सभेला पहिल्या दहा मिनिटांत लागली, तर पुढचे काम सोपे होते.

वाचन मोठ्याने करावे

सुरुवात वीस रुपयांच्या नोटेने करावी, कारण ती सर्वांच्या खिशात असते आणि तिच्या पाठीवर वेरूळ आहे. चाळीसगावाहून कन्नडचा घाट चढून गेले की वेरूळ फार लांब राहत नाही. सभेतील अनेकांनी ते पाहिलेले असते. नोट हातात देऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: येथे काय लिहिले आहे आणि काय काढले आहे? मत नको, फक्त वाचन. लोकांना अहिराणी किंवा तावडी बोलीत बोलू द्यावे. “आठे काय लिखेल शे?” असे विचारले की मागच्या रांगेतील आजीबाईसुद्धा नोट डोळ्यांजवळ नेतात.

मग एकेक गोष्ट पुढे येते. रिझर्व्ह बँकेचे नाव. बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला वीस रुपये अदा करण्याचे दिलेले वचन आणि त्याखाली त्यांची सही. गांधीजींचे चित्र. सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा. पाठीमागच्या पट्टीत पंधरा भाषांतील रक्कम, तिच्यात मराठीही. वेरूळचे चित्र. येथे थांबून लक्षात आणून द्यावे की, या नोटेवर वचन आहेच. ते एका माणसाने आपल्या पदाच्या अधिकाराने दिलेले आहे आणि ते पाळण्याची जबाबदारी कोणावर आहे हे सहीवरून कळते. एक रुपयाची नोट मिळाल्यास तीही दाखवावी. ती भारत सरकार काढते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि असे वचन तिच्यावर नसते. पैशावरचा आपला विश्वास कशावर टिकून आहे, हे लोकांना या दोन नोटा शेजारी ठेवल्यावर जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही.

मग राजमुद्रेखालच्या ‘सत्यमेव जयते’ या शब्दांकडे यावे. हे टाळून पुढे जाऊ नये. सभेतील तयारीचा माणूस ते विचारणारच. हे वाक्य मुंडकोपनिषदातील आहे आणि २६ जानेवारी १९५० पासून राजमुद्रेसोबत राष्ट्राचे बोधवाक्य आहे. सिंहस्तंभ सम्राट अशोकाचा, बुद्धाने पहिला उपदेश केला त्या जागी उभारलेला. म्हणजे आपल्या चलनावर उपनिषदाचे वचन आणि बौद्ध परंपरेचे शिल्प दोन्ही आहेत. मग वाद कशाचा, असे कोणी विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये. प्रश्न फळ्यावर लिहावा आणि पुढच्या टप्प्याकडे जावे.

वचनांची जात ओळखावी

धर्मवचन हा एकच शब्द वापरून आपण निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. त्या वेगळ्या करणे हा या चर्चेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्यासाठी खानदेशाचाच इतिहास पुरेसा आहे.

असीरगड आज मध्य प्रदेशात असला, तरी तो खानदेशच्या फारुकी राजांचा बालेकिल्ला होता आणि बुऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि त्या विजयाची आठवण म्हणून सोन्याची मोहर पाडली. तिच्या एका बाजूला ससाणा आहे आणि दुसऱ्या बाजूला असीरचे नाव. त्याच अकबराच्या सुरुवातीच्या नाण्यांवर कलिमा, म्हणजे इस्लामवरील श्रद्धा जाहीर करणारे वचन, होते. पुढे त्याने स्वतः सुरू केलेल्या इलाही सनाच्या नाण्यांवर ‘अल्लाहु अकबर, जल्ले जलालुहू’ हे शब्द आले. आणि राज्याच्या अखेरीस, इलाही सन ५० मध्ये, राम आणि सीता यांची आकृती व नागरी अक्षरांत ‘राम सीय’ असा लेख असलेली नाणीही निघाली. एकाच बादशहाच्या एकाच राज्यात श्रद्धेचा जाहीरनामा, ईश्वराचे स्तवन आणि दुसऱ्या धर्माच्या प्रजेचा आदर, या तिन्ही गोष्टी नाण्यावर उमटल्या.

त्यानंतर औरंगजेबाकडे यावे, कारण येथे सभेला खरा धक्का बसतो. लोकांची अपेक्षा असते की, सर्वांत कट्टर मानल्या गेलेल्या या बादशहाने नाण्यांवर धर्मवचन ठळकपणे घातले असेल. त्याने उलट केले. कलिमा असलेले नाणे कोणाच्याही हाती जाते आणि पवित्र शब्दांची विटंबना होते, म्हणून त्याने नाण्यांवरचा कलिमा बंद केला. बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून निघालेल्या त्याच्या रुपयांवर बादशहाचे नाव गुंफलेल्या फारसी ओळी आहेत. धर्माविषयीच्या प्रेमापोटीच धर्मवचन नाण्यावरून काढले गेले, हे उदाहरण लोकांच्या मनात खोल जाते. मला स्वतःला या साऱ्या विषयातील ही सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

शिवराई हाती द्यावी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हा ‘श्री’ धर्मवचन आहे का, असे विचारावे. बहुतेक जण म्हणतात की, तो आरंभाचा आणि आदराचा शब्द आहे, आपण पत्रावरही लिहितो. मग होळकरांच्या महेश्वरच्या टांकसाळीतील रुपयांविषयी सांगावे. अहिल्याबाईंच्या काळातील या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपत्र आहे, आणि त्याच रुपयांवर दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे नावही आहे. खानदेशाचा काही भाग १८१८ पर्यंत होळकरांकडे होता, त्यामुळे हे आपल्या परिसरातले उदाहरण आहे. महाराजा रणजितसिंहांनी नाण्यांवर स्वतःचे नाव न घालता गुरूंच्या नावाने नाणी पाडली. तेथे धर्मवचन हे सत्तेच्या विनयाचे चिन्ह होते. आणखी मागे गेले तर महमूद गझनवीने लाहोर येथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर कलिम्याचे चक्क संस्कृत भाषांतर सापडते: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार’. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे. या दोघांना नवीन प्रजेकडून आपले नाणे निमूटपणे स्वीकारले जायला हवे होते, त्यासाठी प्रजेची भाषा आणि प्रजेची देवता त्यांनी नाण्यावर घेतली.

एवढे झाल्यावर फळ्यावर लिहिलेल्या उदाहरणांपुढे प्रत्येकाने आपापला शेरा मांडावा: हे शब्द श्रद्धा जाहीर करतात, राजाचा हक्क देवाच्या नावाने पक्का करतात, राजाला नम्र करतात, की प्रजेला जवळ करतात? एकाच नाण्याला दोन शेरे मिळाले तर दोन्ही राहू द्यावेत.

इंग्रजी राज्याचे उदाहरण थोडक्यात घ्यावे, पण सोडू नये. ब्रिटनच्या नाण्यांवर राजा ‘ईश्वराच्या कृपेने’ राजा आहे आणि ‘धर्माचा रक्षक’ आहे, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आजही असतात. १८४९ च्या एका चांदीच्या नाण्यावर ईश्वरकृपेची अक्षरे राहिली नाहीत, तर लोकांनी त्याला देवहीन नाणे म्हटले आणि दोन वर्षांतच घडण बदलावी लागली. परंतु त्याच राणीच्या आणि त्याच राजांच्या भारतातील रुपयांवर ही अक्षरे नाहीत. राणीछाप रुपया भिंगाखाली धरून खात्री करून घ्यावी. राज्यकर्ते एकच, प्रजा निराळी. तेथे लागणारे शब्द येथे त्यांनी घातले नाहीत. तरीही १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावे लागले. त्या चित्रात धर्माचा काही हेतू नव्हता, तरी ते प्रकरण श्रद्धेपर्यंत पोचले.

शब्द केव्हा आले, ते विचारावे

आता अमेरिकेची डॉलरची नोट फिरवावी. तिच्यावर ‘आमची देवावर श्रद्धा आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे. ते देशाच्या स्थापनेपासूनचे आहे, असे जवळजवळ सर्वांना वाटते. प्रत्यक्षात यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील वॉटकिन्सन नावाच्या एका धर्मोपदेशकाने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिले. पुढच्या काळात कोणी आपली नाणी पाहिली, तर आपल्याला देव न मानणारे राष्ट्र समजेल, अशी त्याची चिंता होती. चेस यांनी टांकसाळीला आदेश दिला आणि १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर हे वाक्य प्रथम आले.

१९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सोन्याच्या नव्या नाण्यांवरून ते वगळले. त्यांचे म्हणणे असे होते की, इतके गंभीर वाक्य नाण्यावर घातल्याने भक्ती वाढत नाही, उलट ते थट्टेचा विषय होते आणि हा पावित्र्याचा भंग आहे. येथे क्षणभर थांबून औरंगजेबाच्या निर्णयाची आठवण करून द्यावी. दोन देश, दोन धर्म, मध्ये अडीचशे वर्षांचे अंतर, आणि कारण जवळजवळ सारखे. रूझवेल्ट यांचा निर्णय टिकला नाही. लोकांनी विरोध केला आणि १९०८ मध्ये संसदेने ते वाक्य परत आणले. साम्यवादी रशियाशी शीतयुद्ध तापले असताना १९५५ मध्ये ते सर्व नाण्यांवर आणि नोटांवर सक्तीचे झाले, १९५६ मध्ये राष्ट्राचे बोधवाक्य ठरले आणि कागदी डॉलरवर प्रत्यक्षात १९५७ मध्ये छापले गेले. सभेला विचारावे की, दोन्ही वेळा हे शब्द कोणत्या परिस्थितीत आले? युद्धाच्या आणि भीतीच्या परिस्थितीत, हे उत्तर लोक स्वतःच देतात. त्यातून हे शब्द खोटे ठरत नाहीत. संकटात माणूस देवाचे नाव घेतो आणि त्यात वावगे काही नाही. पण अशा वेळी सरकारने केलेली सक्ती संकट गेल्यावरही मागे घेतली जात नाही, हे नोंदवून ठेवावे.

इंडोनेशियाचे उदाहरण कोणीतरी काढतोच. तेथील वीस हजार रुपियाच्या १९९८ च्या नोटेवर गणपती होता, हे खरे आहे. ती नोट २००८ च्या अखेरीस चलनातून काढून घेतली गेली, हेही त्याच वेळी सांगावे.

बाजू उलटी मांडायला लावावी

आता वादाची वेळ येते. ज्यांचा कल धर्मवचनाच्या बाजूने आहे त्यांना विरोधात बोलायला सांगावे आणि उलटही. प्रत्येक बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे पुढे यायला हवे; ते कोणी मांडले नाही तर संयोजकाने मांडावे.

बाजूने असलेले भक्कम म्हणणे असे: राष्ट्र म्हणजे निव्वळ करार नव्हे, त्याला परंपरा असते, आणि नाणे हा त्या परंपरेचा सर्वांच्या हाती जाणारा ठसा आहे. बहुसंख्य लोकांच्या श्रद्धेचा एखादा शब्द तेथे असला म्हणून इतरांची उपासना अडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वाहनाच्या पाटीवरील बोधवाक्याची सक्ती अमान्य करताना नोटेचा प्रकार निराळा असल्याचे म्हटले होते, कारण नोट खिशात असते आणि ती बाळगणारा माणूस त्या वाक्याची जाहिरात करत नसतो. हा मुद्दा हलका नाही आणि विरोधकांनी त्याला खरे उत्तर द्यावे.

विरोधी बाजूचे भक्कम म्हणणे माझ्या मते एका शब्दात आहे: सक्ती. देऊळ, मशीद, विहार, चर्च यांत जाणे माणसाच्या इच्छेवर आहे. नोट स्वीकारणे नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे नोट हे वैध चलन आहे. रावेर-सावद्याच्या केळीच्या मळ्यात घड वाहणाऱ्या मजुराला, धडगावच्या पाड्यावरून बाजाराला उतरलेल्या पावरा बाईला आणि जळगावच्या सराफाला तेच चलन घ्यावे लागते. त्यावर कोणाचे वचन घालायचे, असा नेमका प्रश्न येथे विचारावा. सातपुड्यातील भिल्ल बांधव याहामोगी मातेला मानतात, गावागावांत कानबाई बसते, सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, वारकरी विठ्ठलाचे, महानुभाव आपल्या पंथाचे, शिवाय बौद्ध, जैन, मुसलमान, ख्रिस्ती आणि देव न मानणारेही खानदेशाच्या याच तीन जिल्ह्यांत राहतात. लक्ष्मी-गणपतीचे नाव घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न विरोधासाठी विचारू नये. त्याला खरोखर यादी करायला सांगावी. यादी करता करता तो स्वतःच थांबतो.

२००६ चे दोन रुपयांचे नाणे आता बाहेर काढावे. त्याच्यावरच्या रेषा ख्रिस्ती क्रूसासारख्या दिसतात, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. विविधतेतील एकता दाखवण्याचा हेतू असल्याचा खुलासा झाला, आणि पुढच्या वर्षीच्या घडणीत हस्तमुद्रा आली. एक शब्दही नसताना नुसत्या रेषांवरून एवढी शंका आली. दहा रुपयांची नाणी खरी की खोटी, या अफवेने अनेक ठिकाणी दुकानदार ती घेईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत, असे जाहीर करावे लागले. चलनाला शंका परवडत नाही. नाणे हाती पडल्यावर ते आपले की परक्याचे, असा विचार कोणाच्याही मनात येऊ नये, इतके ते सर्वांचे असायला हवे.

कायदा किती सांगावा

फार सांगू नये, पण चूक सांगू नये. नोटेचा आराखडा बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते. नाण्यांचे अधिकार २०११ च्या नाणे कायद्याने केंद्राकडे आहेत. म्हणजे हा निर्णय सरकारी आहे आणि म्हणूनच संविधानाचा प्रश्न येतो. पंचविसावे कलम प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देते, सत्ताविसावे कलम एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नाकारते. मात्र आपल्याकडे धार्मिक स्मरणार्थ नाणी निघालेली आहेत, हे लपवू नये: संत अल्फोन्सा यांचे, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्रकाचे, वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे, गुरू नानक यांच्या साडेपाचशेव्या प्रकाशपर्वाचे. बृहदीश्वर आणि वैष्णोदेवी यांच्या नाण्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. धर्मनिरपेक्षतेमुळे अशी नाणी काढायला मनाई होत नाही, असे न्यायालयाने मानले. स्मरणार्थ नाणे एका प्रसंगाचे असते आणि उद्या दुसऱ्या धर्माच्या प्रसंगाचेही निघू शकते. प्रत्येक नोटेवरचे कायमचे वचन हा वेगळा प्रकार आहे. हा फरक सभेने स्वतः शोधावा, यासाठी पुरेसा वेळ ठेवावा.

मग नोटेवर वेरूळची लेणी कशी चालतात, हाही प्रश्न येथे सुटतो. त्या लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरांचे काम आहे. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप. ही चित्रे बघणाऱ्याला काही मानायला सांगत नाहीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: चर्चेच्या भरात कोणी नोटेवर देवाचे नाव किंवा घोषणा लिहू नये. नुसत्या रेघोट्यांनी नोट बाद होत नाही, पण नोटा परताव्याच्या २००९ च्या नियमांत राजकीय किंवा धार्मिक संदेश देणारा बाहेरचा मजकूर असलेल्या नोटेवरील दावा नाकारण्याची तरतूद आहे. ही माहिती ऐकून एका सभेत एका तरुणाने विचारले की, सामान्य माणसाने लिहू नये ते सरकारने तरी का लिहावे? त्याला मी उत्तर दिले नाही. सभेतच त्यावर अर्धा तास चांगले बोलणे झाले.

संयोजकाने आपले मत केव्हा सांगावे

लपवू नये, पण सर्वांत शेवटी सांगावे. माझे मत असे आहे की, चलनावर कोणत्याही धर्माचे वचन कायमचे घालू नये. ‘सत्यमेव जयते’ मला चालते, कारण ते उच्चारताना कोणालाही आपली श्रद्धा मोडावी लागत नाही. ते कोणत्या ग्रंथातून आले हे ठाऊक नसलेला माणूसही ते आपले म्हणू शकतो. जे वाक्य मान्य करण्यासाठी एखाद्याला आपला देव बदलावा लागेल किंवा नसलेला देव मानावा लागेल, ते त्याच्या मजुरीच्या पैशावर छापण्याचा अधिकार सरकारला नसावा. शिवाय नोट दारूच्या गुत्त्यात जाते, लाचेच्या पाकिटात जाते, चिखलात पडते. ज्या नावापुढे मी हात जोडतो ते नाव तेथे गेलेले मला सहन होणार नाही. जुन्या नाण्यांवरची वचने मात्र जशी आहेत तशी जपावीत आणि मुलांना वाचून दाखवावीत.

माझ्या या मताला सर्वांत मोठा आधार मला पुस्तकातून मिळाला नाही. एका सभेत एका वयस्कर बाईंनी आपल्या सासूकडून आलेला राणीछाप रुपया आणला होता. त्यावर परदेशी राणीचा मुखवटा, इंग्रजी अक्षरे आणि देवाचा एकही शब्द नाही. त्यांच्या घरात चार पिढ्या दर दिवाळीला त्याला हळद-कुंकू लागते. मी विचारले, “काकू, यावर लक्ष्मीचे चित्र असते तर जास्त बरे वाटले असते का?” त्या म्हणाल्या, “लक्ष्मी आमची आम्ही मानतो, भाऊ. ती छापायला कशाला लागते?” आपल्याकडचा दुकानदार सकाळची बोहनी कपाळाला लावतो तेव्हाही तो त्या नोटेवर काय लिहिले आहे ते बघत नाही.

शेवटी मतदान घेऊ नये. प्रत्येकाला एक कागद द्यावा आणि तीन ओळी लिहायला सांगाव्यात: आज कोणते नाणे नव्याने कळले, त्यामुळे विचारात काही बदल झाला का, आणि समोरच्या बाजूचा कोणता मुद्दा खोडता आला नाही. नावे लिहू नयेत. कागद वाचनालयात फाइलला लावून ठेवावेत, पुढच्या सभेची सुरुवात त्यांच्या वाचनाने करावी. त्यानंतर यादी काढून एकेक नाणे मालकाच्या हातात परत द्यावे आणि सही घ्यावी. देव्हाऱ्यातून आलेला रुपया सर्वांत आधी द्यावा, कारण तो संध्याकाळच्या दिव्याच्या आधी घरी पोचायचा असतो.